जेवणाच्या खोलीतली फौज

४ जानेवारी, शनिवार

निर्णय झाला. विकून टाकायचं. सगळं.

जेवणाच्या खोलीत कित्येक वर्षांत कुणी जेवलेलं नाही, कारण तिथे नेपोलियनच्या काळातलं ब्रिटिश सैन्य राहतं. खोक्यांत. अंगठ्याच्या पेराएवढे धातूचे शिपाई, घोडे, तोफा, तोफांचे गाडे. फक्त रंगवायचे राहिलेत. बाकी सगळी तयारी आहे.

माझ्या बायकोच्या, लॉरेनच्या, गुडघ्याचं ऑपरेशन मार्चअखेर ठरलं. हॉस्पिटलकडून एक बाई आली, घरभर टेप लावून मापं घेतली आणि म्हणाली, ऑपरेशननंतर काही आठवडे जिना बंद, पलंग खालीच हवा. मग तिने जेवणाच्या खोलीचं दार उघडलं, आत बघितलं, आणि दार हळूच परत लावलं. मीच म्हटलं, मार्चच्या आत खोली रिकामी होईल. लॉरेन म्हणाली, कुठल्या सालच्या?

टोमणा होता. लक्ष दिलं नाही. आख्खी नोकरी नगरपालिकेच्या पार्किंग खात्यात काढली. जागा मोकळी करून घेणं हा माझा पेशा आहे.

५ जानेवारी, रविवार

कामाला सुरुवात. विकायचं तर माल काय आहे ते आधी माहीत पाहिजे, म्हणून पहिलं खोकं उघडलं. स्कॉटिश पलटण. घागऱ्यांच्या चुण्यासुद्धा कोरलेल्या आहेत. एकाचं तोंड उघडं आहे, ओरडतोय. संध्याकाळपर्यंत बघत बसलो.

हे विकणं शुद्ध गाढवपणा ठरेल. बाकीचं विकू. खोकं परत जागेवर ठेवलं.

एक खोकं मार्गी लागलं म्हणायला हरकत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आमच्या शिपाई जमवणाऱ्यांच्या क्लबात जाहीर केलं. चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी जमतो. पूर्वी हॉल पुरायचा नाही. आता एका टेबलाभोवती मावतो, आणि त्यातले दोघं घरी हीटर लावायला नको म्हणून येतात. मी उभा राहून सांगितलं की संग्रह विकायला काढतोय, बाहेर जाण्याआधी पहिला मान क्लबचा. मला वाटलं, झुंबड उडेल. कीथ म्हणाला, मीपण काढतोय. त्याच्या शेजारचा म्हणाला, मीपण. मग सगळे चहाकडे वळले.

क्लाइव्ह आला नव्हता. खोकला आहे म्हणे. त्याच्याशी बोलल्याशिवाय मला काही विकताही येणार नाही, आमचा करार आहे. ऐन तरुणपणी, पबमध्ये, दोघांनी ठरवलं होतं: वॉटर्लूची लढाई, आख्खी, एकही पलटण न गाळता, एका टेबलावर मांडायची. इंग्रज माझे, फ्रेंच त्याचे. तेव्हापासून दर गुरुवारी तो विचारतो, कुठवर आलं, ट्रेव्हर? मी म्हणतो, होत आलं. मी विचारतो, तुझं रे? तो म्हणतो, होत आलं.

त्याला फोन करून नीट समजावलं पाहिजे. उद्या.

१८ जानेवारी, शनिवार

क्लाइव्हला फोन करायचा राहिला.

इंटरनेटवर विकायचं तर फोटो हवेत. फोटोला चांगला दिवा हवा. दिवा आणायला नॉटिंगहॅमला गेलो. दिवा मिळाला नाही. प्रशियन घोडदळ मिळालं. सेल होता. वॉटर्लूला प्रशियन इंग्रजांच्या मदतीला आलेच होते, उशिरा का होईना, आणि संच पूर्ण असला की भाव चांगला येतो. म्हणजे ही खरेदी नव्हे. विक्रीची पूर्वतयारी आहे.

खोकी गाडीच्या डिकीत ठेवली आहेत. लॉरेनला इतक्यात सांगत नाही. तिचा गुडघा दुखतोय.

२६ जानेवारी, रविवार

क्लाइव्ह गेला. शुक्रवारी. खोकल्याचा न्यूमोनिया झाला होता, कुणाला कळलंच नाही.

त्याच्या बायकोचा, पॉलीनचा, फोन आला तेव्हा मी घरात हॉलमध्ये उभा होतो. तिला काय बोललो आठवत नाही. लॉरेन म्हणते, मी तिला म्हणालो, होत आलं होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अंत्यविधी. क्लबातले सगळे आले होते. गुरुवार असल्यामुळे कुणाला वेगळा वेळ काढावा लागला नाही. नंतर पॉलीनने हॅम सँडविचेस ठेवली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, ट्रेव्हर, त्याच्या त्या शिपायांचं तू बघशील ना? तुझ्याशिवाय कुणाला कळणार त्यातलं? डोळे भरून आले होते तिचे. मी म्हटलं, अर्थातच.

परत येताना गाडीत लॉरेनने विचारलं, बघशील म्हणजे नक्की काय करशील? मी म्हटलं, क्लबतर्फे विकून देईन, बिचारीला तेवढाच हातभार. लॉरेन म्हणाली, छान. आणि विकले जाईपर्यंत ते राहणार कुठे?

मी वायपर सुरू केले. पाऊस नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार

फ्रेंच आले. गाडीच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. मला वाटलं होतं पॉलीनला जड जाईल, नवऱ्याच्या आयुष्यभराचा ठेवा दारातून जाताना बघणं. पण ती खंबीर बाई आहे. शेवटचं खोकं तर तिने माझ्यामागे गेटपर्यंत पळत आणून दिलं. घर विकून पोर्तुगालला बहिणीकडे जाणार आहे. दुःख लपवण्यात तर तिची कमाल होती. जवळजवळ हसत होती.

जेवणाच्या खोलीत जागा नाही. फ्रेंचांना हॉलमध्ये भिंतीलगत लावलं, उरलेले जिन्याच्या पायऱ्यांवर, एका कडेला. लॉरेन संध्याकाळी खेकड्यासारखी तिरकी तिरकी खाली उतरली. मधल्या पायरीवर थांबून म्हणाली, ट्रेव्हर, शत्रूला घराबाहेर अडवायचं असतं असं मला वाटत होतं.

तिला इतिहासात रस निर्माण होतोय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज जे कळलं ते लिहायलासुद्धा हात धजत नाही.

फोटोसाठी क्लाइव्हची खोकी उघडली. क्लाइव्हचा हात म्हणजे सोनं. पहिल्याच वर्षी त्याने एक ढोलवाला रंगवून क्लबात आणला होता, ढोलाच्या दोऱ्यासुद्धा वेगळ्या दिसत होत्या. सगळ्यांनी तो हातोहात फिरवून बघितला होता. त्यानंतर तो कधी काही घेऊन आला नाही. म्हणायचा, सगळं एकदमच दाखवेन.

पहिलं खोकं: सीलबंद. दुसरं: सीलबंद, वर कधीच्या काळी बंद पडलेल्या दुकानाचं लेबल. तिसरं, चौथं, सगळी तशीच. जिन्यावरचीही. फक्त एका खोक्यात कापसात गुंडाळलेला तो ढोलवाला होता. एकटा.

इतकी वर्षं! दर गुरुवारी हा माणूस माझ्या डोळ्यांत बघून म्हणत होता, होत आलं. आणि मी विश्वास ठेवत होतो. माझं काम का रखडलं ते आता कळलं. समोर फ्रेंचच नाहीत तर इंग्रज रंगवून मी लढणार कुणाशी?

लॉरेनला सांगितलं. ती आधी हसली. खूप हसली, पलंगाची कड धरून. मग डोळे पुसत म्हणाली, आणि तुझे किती झालेत रंगवून?

मी म्हटलं, मुद्दा तो नाही. मी त्याला कधीही फसवलं नाही. मी होत आलं म्हणायचो ते तयारीबद्दल.

८ मार्च, शनिवार

जाहिरात टाकली. दोन्ही सैन्यं, एकत्रच, फोडून देणार नाही. खाली लिहिलं, गंभीर संग्राहकांनीच संपर्क साधावा.

एकाने संपर्क साधला. विचारत होता, यात अंतराळातले राक्षस आहेत का? मी कळवलं, हा इतिहास आहे. त्याने लिहिलं, ओह, सॉरी राजा.

बाजार अजून तयार नाही. आपण घाई करायची नाही.

१९ मार्च, बुधवार

मोठा दिवस. नॉर्मन स्पेट येऊन गेला. संग्रहच्या संग्रह उचलणारा व्यापारी, व्हॅन घेऊन गावोगाव फिरतो. लॉरेननेच त्याचा नंबर शोधला होता. मी कालपासून आरशासमोर सराव करत होतो: पहिला भाव ऐकून हसायचं, दुसऱ्यावर गप्प बसायचं, तिसऱ्यावर विचार करतो म्हणायचं. लॉरेनला बजावलं होतं, तू मध्ये बोलू नकोस, तुझ्या चेहऱ्यावर गरज दिसते.

स्पेट हॉलमधून आडवा होत आत आला. जेवणाच्या खोलीच्या दारात उभा राहिला. उंबरा ओलांडला नाही. म्हणाला, रंगवलेले किती? मी म्हटलं, एक. पण तो अप्रतिम आहे.

त्याने खोक्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं, आता पहिला भाव येतो. हसायला तयार झालो. तर म्हणाला, राजा, इथून डर्बीपर्यंत कुठल्याही रस्त्याला दार वाजव, मागच्या खोलीत हेच निघतं. माझं गोदाम भरलं, मेव्हण्याचं गॅरेज भरलं. बायका फोन करतात, नवरा गेला हो, घेऊन जा, वर चहाही पाजते. हल्ली मी फोनच उचलत नाही. तुमचा चुकून उचलला.

मी म्हटलं, फुकट दिलं तर? ते मी गंमत म्हणून विचारलं होतं. तो म्हणाला, फुकट तर सगळेच देतात.

लॉरेनने चहा दिला. दोघं किचनमध्ये तिच्या गुडघ्याबद्दल बोलत बसले. त्याच्या बायकोचंही तेच ऑपरेशन झालंय. बिस्किटं संपवली. जाताना माझा खांदा थोपटला.

हा अर्थातच डाव आहे. घासाघीस कशी चालते ते मला ठाऊक आहे. दोन दिवस तो थंड राहील आणि मग फोन येईल.

२५ मार्च, मंगळवार

स्पेटचा फोन नाही. मी केला. उचलला नाही.

चॅरिटीच्या दुकानात एक खोकं घेऊन गेलो. तिथली बाई फार गोड होती. म्हणाली, लहान पोरं गिळतील.

३१ मार्च, सोमवार

ऑपरेशन व्यवस्थित झालं. लॉरेन शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलली? खोली झाली का? मी तिचा हात हातात घेतला. म्हटलं, होत आली. ती परत झोपली.

दुपारी पलंग घेऊन दोन माणसं आली. जेवणाच्या खोलीत बघून एक दुसऱ्याला म्हणाला, इथे उभं राहूनच झोपायचं का रे? शेवटी पलंग पुढच्या खोलीत टीव्हीसमोर टाकला, आणि माझी खुर्ची जेवणाच्या खोलीत हलवावी लागली. म्हणजे दार आणि इंग्रज तोफखाना यांच्या मधल्या फटीत.

तात्पुरती व्यवस्था आहे. उलट आता मी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी बसतो.

१२ एप्रिल, शनिवार. दुपारी

अडकलो आहे. हे जेवणाच्या खोलीतून लिहितो आहे.

डिकीतले प्रशियन गुपचूप आत आणून रचत होतो. अख्खी थप्पी कोसळली आणि दाराला आतून टेकून बसली. दार आत उघडतं. मी आत आहे. प्रशियन मध्ये आहेत. खिडकी मीच एकदा रंगवली होती, तेव्हापासून ती उघडत नाही. (मी काहीच रंगवत नाही असं म्हणणाऱ्यांनी ती बघावी.)

लॉरेनला हाक मारली. ती तिकडून म्हणाली, काय? मी म्हटलं, अडकलोय! ती म्हणाली, मीपण. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

थोड्या वेळाने

लॉरेनला गुडघ्याचा व्यायाम शिकवणारी बाई आली. आवाज ओळखला. ती लॉरेनला विचारत होती, आतून कुणीतरी ठोकतंय का? लॉरेन म्हणाली, नवरा आहे, घाई नाही, आधी गुडघा करून घेऊ.

अंधार पडताना

सुटलो. बाईने दार थोडं ढकललं, मी आतून खोकी एकेक करून डोक्यावरून मागे टाकली. ती निघाली तेव्हा मला म्हणाली, पोट आत घ्यायचा व्यायाम तुम्हाला चांगला जमतो.

प्रशियनांबद्दल लॉरेनला आता कळलंय. तिने फक्त टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. ते जास्त वाईट.

२० एप्रिल, रविवार. ईस्टर

लॉरेन कंटाळली आहे. टीव्हीवर बघण्यासारखं सगळं बघून झालं. चॉकलेटचं अंडं फोडता फोडता म्हणाली, दे बघू इकडे एक, बघू तरी काय एवढं आहे त्यात.

मी म्हटलं, असं एकदम नसतं. आधी गणवेशांवरचं पुस्तक वाचावं लागतं, मग पलटणी ओळखायला शिकावं लागतं, मग छटा. तिने रंग मागितले. माझ्या डब्या उघडल्या तर आत सगळं दगड झालेलं. तिने फोनवरून नवे मागवले, मंगळवारी येतील. एकदा तिचं तोंड पोळू दे. हातात ब्रश घेतला म्हणजे कळेल मी इतकी वर्षं कशाशी झुंजतोय.

२३ एप्रिल, बुधवार

जवळचे म्हणून तिने हॉलमधले फ्रेंच घेतले. मी पुस्तकात त्या पलटणीचं पान शोधत होतो. पान सापडलं तेव्हा तिचे चार शिपाई वाळत ठेवलेले होते.

मी दाखवलं की बाहीच्या टोकाचा रंग चुकलाय. लॉरेन म्हणाली, राहू दे, कोण तक्रार करणार आहे? सगळे मेलेत.

ही वृत्ती घातक आहे. पण तिची तब्येत लक्षात घेता बोललो नाही. ब्रशचं पाणी बदलून दिलं.

१ मे, गुरुवार

अख्खी पलटण झाली. जेवणाच्या ट्रेवर ओळीने उभी आहे. चष्मा पुसून जवळून बघितली. प्रत्येकाला चेहरा आहे. एक झोपाळू, एक चिडका, एकाचं लक्षच नाही. पुढच्या रांगेतला एक थेट क्लाइव्हसारखा दिसतो, तीच खाली उतरलेली मिशी. मी विचारलं, मुद्दाम केलंस? लॉरेन म्हणाली, नाही रे. तो आपोआपच तसा झाला.

त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिलो. मग तिने पाणी बदलायला सांगितलं.

एकूण, माझ्या देखरेखीखाली कामाने वेग घेतला आहे. विक्रीचा प्रश्न तूर्त स्थगित. चालू प्रकल्प कुणी विकत नाही.

१५ मे, गुरुवार

क्लबात सांगून टाकलं: वॉटर्लू सुरू झालं. फ्रेंचांची पहिली पलटण तयार आहे. कुणाचा विश्वास बसेना. कीथ म्हणाला, तू? रंगवलीस? मी म्हटलं, आमच्या घरी. टाळ्या पडल्या. खरोखरच्या टाळ्या, तीही कप खाली ठेवून. ठरलं की एकोणतीस तारखेला मी ती घेऊन यायची, आणि समोर माझी इंग्रजांची एक पलटण. लहानशी चकमक, क्लाइव्हच्या नावाने.

दोन आठवडे आहेत. लॉरेनसारख्या नवशिकीला जमतं तर मला चार दिवसही लागू नयेत. शनिवारी सुरू.

२४ मे, शनिवार

सुरू केलं. स्कॉटिश घेतले. हात थोडा कापतो, त्यामुळे डोळे शेवटी करायचे ठरवलं. आणि चेहरा. आणि घागऱ्याच्या चौकटी. आज बूट केला.

२७ मे, मंगळवार

दुसरा बूट.

पद्धत पक्की झाली, आता वेग येईल. पण घाईघाईत इंग्रज बिघडवण्यापेक्षा गुरुवारी फक्त फ्रेंच न्यावेत हे जास्त शहाणपणाचं. लोकांना उत्सुकता राहते.

२८ मे, बुधवार

पलंग नेला. तीच दोन माणसं होती. लॉरेनने त्यांना स्वतः दार उघडलं, मग काठी भिंतीला टेकवली आणि जिना चढून वर गेली. फ्रेंचांच्या कडेने, सरळ, एकदाही कठडा न धरता. माझा ऊर भरून आला. खाली झोपायची खोली करायचा प्रश्न आता उरलाच नाही, म्हणजे विकायचाही नाही. मी पहिल्यापासून म्हणत होतो, घाई करू नये.

उद्यासाठी पलटण भरून ठेवावी म्हणून ट्रे बघितला, तर रिकामा. वर गेलो. तिने सगळे बेडरूमच्या खिडकीत मांडलेत, तोंडं रस्त्याकडे. ढोलवालाही त्यांच्यात आहे, सगळ्यांच्या पुढे. मी म्हटलं, उद्या क्लबात न्यायचेत. ती म्हणाली, नाही. ते माझे आहेत.

मी शांतपणे समजावलं की कायद्याने ते पॉलीनचे आहेत आणि नैतिकदृष्ट्या माझे. ती म्हणाली, पॉलीनला पोर्तुगालला फोन करून विचारलंय, ती म्हणाली ठेव बाई, हवे तेवढे ठेव.

मी क्लबाबद्दल सांगितलं. टाळ्यांबद्दलही सांगितलं. ती उशीला टेकून ऐकत होती. म्हणाली, मग तुझे ने ना.

मी म्हटलं, त्यांचे बूट झालेत.

शेवटी, सगळ्याचा नीट विचार करून, मी तिला रीतसर विचारलं की ही पलटण ती मला कितीला देईल. आरशासमोरचा सराव होताच. पहिला भाव ऐकून हसायचं होतं.

लॉरेन म्हणाली, विकायचे नाहीत.